अंथरुणाला खिळलेल्यांची पाठ जपा

लकवा झालेले किंवा खुब्याचे हाड मोडलेले आजी-आजोबा एकाच कुशीवर पडून राहिले, की माकडहाड, खुबा, टाच इथे जखमा होतात. त्यातल्या बऱ्याच टाळता येतात, हे आम्ही प्रत्येक घराला सांगू इच्छितो.

दर 2 तासांनी कूस बदला. ओढू नका, दोघांनी चादरीसकट उचला. पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. ओले कपडे लगेच बदला. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून काळसर, गरम किंवा टणक जागा रोज हाताने तपासा. तिथे चोळू नका, भार काढा. डाळ, अंडी द्या.

जखम काळी पडली, वास किंवा ताप आला, तर त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. आणि रात्रीची पाळी एकट्या सुनेवर टाकू नका, मुलानेही घ्यावी.