चार दिवसांची वाट, साडेसहा कोटी वर्षांची तयारी

बारा जणांचा गट आहे. गुंजवण्यातून राजगड चढायचा, धारेने तोरण्यावर जायचं, तिथून भट्टी, मोहरी ही गावं करत सह्याद्रीची कड गाठायची, नाळेने कोकणात उतरायचं आणि चौथ्या दिवशी रायगडाखाली पाचाडला पोचायचं. पाठीवर सॅक, सोबत शिधा. आता फक्त पाण्याचा हिशेब मांडा. पिणं आणि रांधणं मिळून माणशी दिवसाला चार लिटर धरा. बारा जण, चार दिवस: 192 लिटर. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, म्हणजे प्रत्येकाच्या पाठीवर नुसत्या पाण्याचे सोळा किलो. अंथरूण-पांघरूण, डाळ-तांदूळ, दोर, औषधं अजून बाहेरच पडलीत!

असं ओझं घेऊन तोरण्याचा चढ कुणी चढत नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोक ही वाट चालतात, पाठीवर दोन-तीन लिटरच्या बाटल्या घेऊन. मग उरलेलं पाणी कोण पुरवतं? या एका प्रश्नाचा माग काढत गेलं, की भोर आणि वेल्ह्याचा (वेल्हे म्हणजे आताचा राजगड तालुका) अख्खा डोंगर उलगडायला लागतो.

आधी एक कोडं. इथल्या घाटमाथ्यावर वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो तो सुमारे 700. जुलैत या डोंगरांवर जागोजाग धबधबे असतात. आणि मार्चमध्ये त्याच धारेवर घसा ओला करायला ओंजळभर पाणी मिळत नाही. एवढं पाणी गेलं कुठे?

उत्तर साडेसहा कोटी वर्षं मागे आहे. तेव्हा इथली जमीन फाटली. शंकूच्या टोकातून आग ओकणारा चित्रातला ज्वालामुखी डोळ्यांसमोर आणू नका. इथे लांबलचक भेगांतून लाव्हा उसळला आणि पसरत गेला. थिजला. मग पुन्हा उसळला. या उद्रेकांतला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असावा, असं खडकांचं वय मोजणारे सांगतात. झीज होऊन उरलेला हा काळा पत्थर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून समोरच्या डोंगरांकडे बघा: पोळ्यांची चळत रचावी तसे आडवे थर, एकावर एक, आणि दरी ओलांडून पलीकडच्या डोंगरातही तेच थर जवळपास त्याच उंचीवर! मधला भाग नद्यांनी कापून नेलाय.

हे थर सारखे नाहीत. काही घट्ट, एकसंध. ते झिजताना उभे तुटतात आणि कातळकडा तयार होतो. काही पोकळ्यांनी भरलेले, ठिसूळ. ते उताराने झिजतात आणि कड्याखाली पायरी सोडतात. म्हणून सह्याद्रीत कडा, पायरी, पुन्हा कडा अशी लय दिसते. आता किल्ल्याची भाषा आठवा. कड्याखालच्या सपाटीवर माची, वरच्या कड्याच्या डोक्यावर बालेकिल्ला. राजगडाच्या पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या बांधणाऱ्यांनी तट घातला, बुरूज उभारले, संजीवनीला तर दुहेरी चिलखती तटबंदी दिली. पण मूळ आखणी लाव्ह्याची होती. सुवेळा माचीवरचं नेढं, कातळाच्या आरपार पडलेलं ते प्रचंड भोक, म्हणजे याच असमान झिजेची करामत.

मग पाणी? घट्ट काळा पत्थर पाणी पीत नाही. पावसाचं बहुतेक पाणी त्याच्यावरून निसटून दरीत जातं, तिथून भाटघर आणि गुंजवणी धरणांत. पण दोन उद्रेकांच्या मध्ये कधीकधी मोठी विश्रांती असे. तेवढ्यात वरचा पृष्ठभाग कुजून माती होई, आणि पुढचा तापलेला लाव्हा त्या मातीवर येऊन तिला भाजून काढी. घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत मध्येच जो लाल पट्टा दिसतो, तोच हा थर. वरच्या खडकाच्या बारीक फटींतून थेंब थेंब मुरलेलं पाणी या चिकट लाल थरापाशी येऊन अडतं. खाली जाता येत नाही, म्हणून आडवं सरकतं आणि जिथे कडा तुटलाय तिथे पाझरतं. डोंगराच्या ऐन माथ्याजवळ, भर उन्हाळ्यात!

किल्ले घडवणाऱ्यांनी अशा ओलीच्या जागा हेरल्या, तिथे कातळ फोडला आणि टाकी खोदली. काही टाक्यांत पावसाचं पाणी साठतं, काहींना आतून झरा असतो. टाक्यातून निघालेला दगड तटाच्या आणि वाड्यांच्या कामी यायचा. एका खोदकामात दोन कामं. काही टाकी कड्याच्या पोटात आत कोरलेली, वर कातळाचंच छत आणि छताला आधार म्हणून मध्ये सोडलेले खांब. ऊन लागत नाही, म्हणून बाष्पीभवन कमी. उजेड कमी, म्हणून शेवाळही कमी. विजेविना चालणारी थंडगार साठवण! अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हे सूत्रच घालून दिलंय: गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी-तळी करावीत, आणि एखाद्या झऱ्यावर विसंबून राहू नये. मोहिमेचं नियोजन शिकवणारा यापेक्षा नेमका धडा मला तरी माहीत नाही.

म्हणजे आपल्या 192 लिटरचं कोडं सुटलं. राजगडावर पद्मावती मंदिराजवळ पाणी, तोरण्यावर मेंगाई मंदिराच्या परिसरात पाणी, पुढे गावं. मधल्या टप्प्यापुरतं पाठीवर घ्यायचं. फक्त त्या मधल्या टप्प्याचा एक स्वभाव ओळखायला हवा. संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडून तोरण्याकडे जाणारी धार म्हणजे दोन खोऱ्यांमधला दुभाजक. एका बाजूला पडलेला थेंब गुंजवणीच्या बाजूला जातो, दुसऱ्या बाजूचा वेळवंडीच्या. खोल दऱ्यांत न उतरता एका गडावरून दुसऱ्या गडावर नेणारी ही रेघ चालायला सोयीची आहे, आणि पाण्याच्या दृष्टीने सर्वांत कोरडी. कारण दोन्हीकडचं पाणी तिच्यापासून पळतंच! राजगड सोडताना प्रत्येक बाटली गळ्यापर्यंत भरलेली हवी, ती एवढ्यासाठी.

आणि शरीर ते पाणी किती हुशारीने वापरतं पाहा. घामाचा एक लिटर त्वचेवरून उडून जाताना सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. एक लिटर बर्फगार पाण्याला उकळीपर्यंत न्यायला लागते त्याच्या जवळजवळ सहापट! पण ही यंत्रणा चालायला हवा कोरडी लागते. ऑक्टोबरात हवेत ओल असते, घाम उडण्याऐवजी ठिबकतो, म्हणजे पाणी गेलं आणि गारवा मिळालाच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ जाणकार निवडतात, त्यामागचं एक कारण हे.

आता वेळ. 1892 साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा आडाखा मांडला: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर 600 मीटर चढाईला एक तास जादा. जगभर तो अजून वापरतात. राजगड ते तोरणा साधारण 12 ते 14 किलोमीटर. या हिशेबाने चारेक तासांत पोचायला हवं. प्रत्यक्षात गटाला सहा ते आठ तास लागतात. कुठे जातात हे तास?

थोडे कारवीत जातात. सात-आठ वर्षांतून एकदाच, सगळ्यांनी मिळून फुलणारं हे झुडूप माणसाहून उंच वाढतं आणि वाट गिळून टाकतं. थोडे घसाऱ्यावर जातात, मुरमावर पाय सरकतो म्हणून. पण सर्वांत मोठा वाटा रांगेचा! एखादा कातळटप्पा असा असतो की एका वेळी एकच जण जाऊ शकतो. माणशी चार मिनिटं धरा. बारा जणांना 48 मिनिटं. आता चाळीस जणांचा गट घ्या: दोन तास चाळीस मिनिटं, एका टप्प्यावर! सगळे तरबेज असले तरीही. गट केवढा असावा, याचं उत्तर उत्साहाने नाही, या गुणाकाराने द्यायचं असतं. आणि वेग मोजायचा तो सर्वांत हळू चालणाऱ्याचा. त्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवतात, शेवटी एक जाणता माणूस, आणि मधली रांग आपोआप एका लयीत येते. हळू चालणारा शेवटी राहिला तर काय होतं? पुढचे थांबून विसावतात, तो धापा टाकत पोचतो, आणि तो पोचला की सगळे उठतात. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही.

सूर्याचंही वेळापत्रक विचित्र आहे. सर्वांत लहान दिवस 21-22 डिसेंबरचा, हे शाळेत शिकलो. मग सूर्य सर्वांत लवकर त्याच दिवशी मावळत असेल ना? नाही! आपल्याकडे तो सर्वांत लवकर मावळतो नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सहाला थोडी मिनिटं कमी असताना. पृथ्वीचा आस कललेला, कक्षा किंचित लंबगोल. त्यामुळे डिसेंबरात सूर्य माथ्यावर येण्याची वेळ रोज काही सेकंद पुढे सरकते आणि संध्याकाळही पुढे ढकलली जाते. म्हणजे नोव्हेंबरअखेरीपेक्षा जानेवारीच्या मध्यावर संध्याकाळी पाव तासाहून जास्त उजेड मिळतो. तोरण्याच्या बुधला माचीच्या चढावर हा पाव तास फार मोठा असतो.

तोरणा उतरून भट्टी, मग मोहरी. इथे वाट शोधणं ही स्वतंत्र विद्या आहे. मळलेल्या पाऊलवाटेला मध्येच चार फाटे फुटतात आणि चारही तितकेच रुळलेले. त्या ढोरवाटा. गुरं चाऱ्याकडे आणि पाण्याकडे जातात, त्यांना रायगडाला जायचं नसतं! नकाशा, मोबाइल दोन्ही असू द्या, पण मोहरीच्या पुढे गावातला वाटाड्या हवाच. कुठली वाट गेल्या पावसात ढासळली, कुठला झरा यंदा लवकर आटला, ही बातमी कुठल्याच उपग्रहाकडे नसते.

मोहरीपलीकडे रायलिंगच्या पठारावर जमीन संपते. समोर लिंगाण्याचा सुळका, त्याच्यामागे रायगड, खाली कोकण. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावर दर 20 मीटरला समोच्चरेषा असते. इथे त्या एकमेकींना इतक्या चिकटतात की कागद तपकिरी दिसतो. आणि पायाखाली काय घडतंय? तुमच्या बाटलीतून दोन थेंब सांडले, एक कडेच्या अलीकडे, एक पलीकडे. पलीकडचा काळ नदीत, तिथून सावित्रीत आणि अरबी समुद्रात जाईल. समुद्र तिथून तुलनेने जवळ आहे. अलीकडचा पूर्वेला निघेल, भीमेत, कृष्णेत, आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण, आंध्र पार करून थेट बंगालच्या उपसागरात!

या भिंतीतून उतरायचं कसं? ज्या भेगांनी डोंगर चिरलाय, त्याच रेषांवर पाण्याने हजारो पावसाळे कोरीव काम केलं आणि उभ्या, अरुंद नाळा तयार झाल्या. बोरट्याची नाळ, सिंगापूरची नाळ, आग्या नाळ. पावसाळ्यात जी पाण्याची वाट, तीच हिवाळ्यात माणसाची. बोरट्याच्या नाळेत मोठमोठे धोंडे अडकलेले असतात, वरच्याने सोडलेला दगड खालच्याच्या डोक्यावर जाऊ शकतो, आणि पुढे लिंगाण्याच्या खिंडीकडची आडवी वाट उंचीची भीती असलेल्याची परीक्षा पाहते. दोर आणि तो लावणारा जाणकार नसेल तर इथे जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते. नाळ पश्चिमेला उघडते, म्हणून सकाळी ती सावलीत असते आणि दुपारनंतर तापते. मोहरीतून पहाटे निघण्याचं गणित हेच.

कड्यांवर आग्या मोहोळं असतात. दगडी मधमाश्यांच्या या पोळ्याजवळ शत्रू आला की हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोट उचलतात आणि पोळ्यावरून लाटा धावताना दिसतात. ती सूचना समजायची आणि गुपचूप निघून जायचं. धूर, अत्तर, आरडाओरडा यांतलं काहीही कड्याखाली नको. सुकलेल्या गवतात शेकोटी तर नकोच नको.

शिध्याचं थोडक्यात: 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त किलोकॅलरी, त्यांना शिजवायला ना पाणी लागतं ना सरपण. गूळ-शेंगदाण्यावर भरवसा ठेवा, खिचडी फक्त पाण्याजवळच्या मुक्कामी.

राजगड आणि रायगड जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. गडांवर मुक्कामाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करा. परवानगी नसेल तर पायथ्याच्या गावात राहून पहाटे चढा. तारीख ठरवण्याआधी मोहरीतल्या वाटाड्याशी बोला, आणि पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. टाक्यावर पोचलात की पाणी भांड्याने काढून घ्या, हातपाय आणि ताटं दूर जाऊन धुवा. तुमच्या मागून येणाऱ्या गटानेही बाटल्या रिकाम्याच आणलेल्या असतील.