ताप नसलेला आजार

जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांच्या कोरोनाबाधित आजी बेपत्ता झाल्या. आठेक दिवसांनी मृतदेह तिथल्याच शौचालयात सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. पण खाट रिकामी का, हे वेळेवर विचारणारं कुणी नव्हतं, त्याचं काय?

वयस्कर रुग्णाला सोबत लागते ती केवळ मायेपोटी नव्हे. उतारवयात संसर्ग झाला तरी अंग तापेलच असं नाही. माणूस अचानक बरळतो, जेवण टाकतो, उठताना तोल जातो. घरचे म्हणतात, ‘वयच झालंय आता.’ धाप न लागताही रक्तातला ऑक्सिजन घसरलेला असू शकतो. म्हणून सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरली. बोट गार असेल तर आकडा चुकतो. हात चोळून, मिनिटभर थांबून वाचावा. ९५ च्या खाली गेला की दवाखाना गाठावा.

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या घरात जातो, तेव्हा विलगीकरणाच्या नावाखाली आजोबांना पत्र्याच्या खोलीत ठेवू नये. दवाखान्यात पाठवताना चालू गोळ्या आणि घरचा फोन नंबर चिठ्ठीवर द्यावा. ऐकू कमी येत असेल तर तेही लिहावं. मास्कमागचं बोलणं त्यांना कळत नाही.