ऑक्सिजनमध्ये न्यूट्रॉन किती मावतात? गणितातला एक हरवलेला भाग

ऑक्सिजनच्या केंद्रकात ८ प्रोटॉन असतात, हे शाळेत शिकलोय. न्यूट्रॉन किती बसतात? श्वासातल्या ऑक्सिजनमध्ये बहुतेक वेळा ८. प्रयोगशाळेत १६ पर्यंत जाता येतं, म्हणजे ऑक्सिजन-२४. त्यापुढे घातलेला न्यूट्रॉन लगेच बाहेर पडतो. गंमत म्हणजे, कणांच्या जोड्यांमधलंच बल धरून केलेली गणितं सांगायची की ऑक्सिजन-२८ सुद्धा टिकायला हवा. मी हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला: कोडमध्ये काहीतरी राहिलंय!

राहिलंच होतं. प्रोटॉन-न्यूट्रॉन क्वार्क आणि ग्लुऑनचे बनलेले. त्यांचे नियम माहीत आहेत, पण तिथून सुरुवात करून ऑक्सिजनचं अख्खं केंद्रक सोडवणं सुपरकॉम्प्युटरलाही झेपत नाही. फोनवरचा मॅप आठवा. दोन शहरांमधला रस्ता बघताना गल्ल्या दिसत नाहीत, आणि त्यावाचून अडतही नाही. इफेक्टिव्ह फील्ड थिअरी हेच करते. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९९० च्या सुमारास ती केंद्रकाला लावली. प्रोटॉन, न्यूट्रॉन आणि त्यांच्यात ये-जा करणारे पायॉन (युकावांनी १९३५ मध्ये सुचवलेला कण) एवढेच ठेवायचे. आतल्या क्वार्कचा परिणाम काही मोजक्या आकड्यांत येतो आणि ते आकडे प्रयोगांवरून ठरवतात.

पण मनाला येईल ते टाकायचं नाही. क्वार्कच्या नियमांना चालणारी प्रत्येक शक्यता लिहायची आणि महत्त्वानुसार रांगेत लावायची. या रांगेत तिसऱ्या पायरीवर एक नवीन गोष्ट आपोआप येते: तीन कणांमधलं एकत्र बल. दोन मित्रांच्या गप्पा तिसरा आला की बदलतात ना, तसंच. तिन्ही जोड्यांची बेरीज करून ते मिळत नाही.

२०१० मध्ये हे बल धरून ऑक्सिजनचं गणित केलं गेलं. जादा न्यूट्रॉन एकमेकांना थोडे दूर ढकलतात असं दिसलं आणि मर्यादा बरोबर २४ वर आली. २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेत फ्लोरिन-२९ मधला एक प्रोटॉन उडवून ऑक्सिजन-२८ तयार केला. तो टिकला नाही. ऑक्सिजन-२४ आणि ४ न्यूट्रॉन अशी फाटाफूट झाली.

मला यातली सर्वात आवडलेली गोष्ट म्हणजे उत्तरासोबत चूक किती असेल याचाही अंदाज मिळतो, कारण गाळलेली पुढची पायरी साधारण केवढी आहे हे माहीत असतं. रांग नेमकी कशी लावायची यावर मात्र शास्त्रज्ञ अजून भांडतायत.