एरंडेलाचे वंगण

इंजिनाला सर्वांत चांगले मानवलेले वनस्पतिजन्य तेल म्हणजे एरंडेल. १६ एप्रिल १८५३ रोजी भारतातली पहिली प्रवासी रेल्वेगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, पुढच्या वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. अमेरिकेतली ड्रेकची खनिज तेलाची प्रसिद्ध विहीर १८५९ची, म्हणजे त्यानंतरची. एकोणिसाव्या शतकात भारतातल्या रेल्वेवर वंगणासाठी आणि दिव्यांसाठी एरंडेल वापरले जाई.

या तेलाचे बळ रिसिनोलिक आम्लात आहे. एरंडेलातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के हेच असते. त्याच्या रेणूतला हायड्रॉक्सिल गट तेलाला दाटपणा देतो आणि धातूला घट्ट धरतो, म्हणून भार वाढला तरी बेअरिंगवरचा थर सहज तुटत नाही. शिवाय ते पेट्रोलमध्ये नीट विरघळत नाही. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत इंधनाची वाफ क्रँककेसमधूनच जाई. तिथे खनिज तेल धुऊन गेले असते, एरंडेल टिकले. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच आले.

दोषही रेणूतच आहे. त्यातले दुहेरी बंध गरम हवेत ऑक्सिजनशी जुळतात, तेल चिकट होते आणि पिस्टन रिंगच्या खाचांत राळेसारखा थर बसतो. पाणी शिरले, तर तेल फुटून आम्ल तयार होते. त्या जुन्या विमानांत तेल एकदाच फिरून बाहेर फेकले जाई, त्यामुळे ते जुने व्हायला वेळच मिळत नसे. आजच्या मोटारीच्या चेंबरमध्ये तेच तेल महिनोन्‌महिने तापत राहते. रासायनिक प्रक्रियेने दुहेरी बंध कमी करता येतात, ऑक्सिडीकरणरोधक द्रव्येही मिसळतात, पण खर्च वाढतो.

म्हणून या तेलाची खरी जागा वंगण सांडून जाते तिथे आहे. पावसाळ्यापूर्वी ठाणे, कल्याण, डोंबिवलीत फांद्या छाटल्या जातात. यांत्रिक करवतीच्या साखळीवरचे तेल थेट मातीत उडते. वळणावर रुळाच्या कडेला लावलेले ग्रीस पावसात वाहून जाते. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि वनस्पती तेल खनिज तेलापेक्षा फार लवकर कुजते. या कामांसाठी तरी ते आग्रहाने मागावे.

घरच्या गाडीत मात्र उत्पादकाने सांगितलेलेच तेल घालावे. एरंडेल खनिज तेलात नीट मिसळत नाही, वेगळे होऊन साचते.