घरांतील औषधांचा डबा

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या लहानपणीं घरांत आजीबाईचा बटवा असे. सुंठ, जायफळ, हिरडा, मुरडशेंग अशा दहाबारा वस्तूंपलीकडे त्यांत फारसें कांहीं नसे. त्या बटव्यानें सगळे रोग बरे होत असें मी म्हणणार नाहीं. परंतु त्याची एक गोष्ट खरोखर घेण्याजोगी होती. त्याला एक धनीण होती. कोणती वस्तु कशासाठीं, कोणत्या मुलाला किती वळसे उगाळून द्यावयाची, कोणती जुनी झाली म्हणून टाकून द्यावयाची, हें त्या एका बाईला पक्कें ठाऊक असे आणि तिच्यावांचून दुसऱ्या कोणाचा हात बटव्यांत जात नसे.

आतां बटव्याची जागा डब्यानें घेतली आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईंत आमच्या घरचा औषधांचा डबा मीं प्रथमच टेबलावर ओतला. तीस वर्षें लोकांना औषधाच्या चिठ्ठ्या लिहून देणाऱ्या माणसाच्या घरचा तो डबा. पण त्यांतून जें निघालें तें पाहून मला संकोच वाटला. त्यांतील एकएक वस्तु हातीं घेऊन आज चार शब्द बोलावें असा विचार आहे.

पहिली वस्तु म्हणजे गोळ्यांच्या पट्टीचे कापलेले तुकडे. पट्टीवर औषधाचें नांव आणि मुदतीचा महिना बहुधा एका टोंकाला छापलेला असतो, आणि आपण नेमकें तेंच टोंक आधीं संपवितों. मग उरलेल्या चार गोळ्या कशाच्या आणि कधींच्या, हें देवालाच ठाऊक! म्हणून गोळ्या नेहमीं विरुद्ध बाजूनें काढीत जाव्या. छापील भाग शेवटपर्यंत राहिला पाहिजे. वेष्टनावर जो महिना लिहिलेला असतो त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चालतें. मुदत उलटली कीं औषध फार तर निरुपयोगी होतें, अपाय करीत नाहीं, असा कित्येकांचा समज आहे. तो पूर्ण खरा नाहीं. टेट्रासायक्लीन हें औषध जुनें होऊन बिघडल्यावर घेतल्यामुळें मूत्रपिंडांस इजा झाल्याचीं उदाहरणें १९६३ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालीं. औषध बिघडलें कीं नाहीं हें त्याच्या रंगरूपावरून नेहमींच कळतें असें नाहीं.

शिवाय छापलेली मुदत खरी ठरते ती औषध सांगितल्याप्रमाणें ठेवलें तरच. पुष्कळ गोळ्या तीस अंशांखालीं, कोरड्या जागीं आणि उजेडापासून दूर ठेवावयाच्या असतात. नागपुराकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसांवर जातो. कोंकणांत श्रावणापर्यंत भिंतींना ओल असते. अशा देशांत आपण औषधें कोठें ठेवतों? शेगडीवरच्या फळीवर, न्हाणीघरांतील आरशामागें, नाहींतर उन्हाच्या खिडकींत! त्यापेक्षां आंतल्या खोलींतील लांकडी कपाट केव्हांही चांगलें. पण थंडावा हवा म्हणून सर्व औषधें फ्रीजमध्यें कोंबणेंही बरोबर नाहीं. ज्यावर तसें लिहिलें असेल तेंच औषध तेथें ठेवावें. इन्सुलिनची न उघडलेली शिशी दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, परंतु बर्फाच्या कप्प्यांत ती एकदां गोठली कीं टाकून दिली पाहिजे. ज्यांच्याकडे फ्रीज नाहीं त्यांनीं एका मडक्यांत दुसरें लहान मडकें ठेवून मधल्या जागेंत ओली वाळू भरावी आणि आंतल्या मडक्यांत शिशी ठेवावी. ती पाण्यांत बुडूं नये म्हणजे झालें. हें फ्रीजइतकें थंड नसतें, पण उन्हाळ्याचा ताप बराच कमी करतें.

दुसरी वस्तु म्हणजे तळाशीं थिजलेलें मुलांचें पातळ औषध. दुकानांतून तें भुकटीच्या रूपानें येतें आणि उकळून थंड केलेलें पाणी घालून आपण तें पातळ करतों. पाणी घातलें त्या क्षणापासून त्याचें आयुष्य दिवसांवर येतें. कोणाचें सात दिवस, कोणाचें चौदा. वेष्टनावर तें लिहिलेलें असतें. डोळ्यांत घालावयाचे थेंबही शिशी उघडल्यापासून साधारण चार आठवड्यांनीं टाकून द्यावे. म्हणून अशी बाटली उघडतांच तिच्यावर त्या दिवसाची तारीख लिहावी. आणि हें औषध मोजावयाचें तें बाटलीबरोबर आलेल्या मापानेंच. घरांतील चमचे लहानमोठे असतात. तापावरील पॅरासिटॅमॉल कोठें पांच मिलिलिटरांत १२० मिलिग्रॅम असतें, कोठें २५० मिलिग्रॅम. नांव तेंच, रंग तोच आणि मात्रा मात्र दुपटीहून अधिक. त्यांतच सर्दीच्या औषधांतही पुष्कळदां पॅरासिटॅमॉल मिसळलेलें असतें. दोन्ही औषधें दिलीं तर तेंच औषध दोनदां पोटांत जातें आणि त्याचा अतिरेक यकृताला भोंवतो.

तिसरी वस्तु निघाली ती प्रतिजैविकाची अर्धवट पट्टी, डाव्या कडेला तांबडी उभी रेघ असलेली. ती रेघ शोभेसाठीं नसते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हें औषध घेऊं नये, असा तिचा अर्थ आहे. ताप उतरला म्हणून कोणीतरी तीं औषधें मध्येंच सोडलीं आणि पुढल्या खेपेला कामीं येतील म्हणून डब्यांत टाकलीं. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हांच्या व्याख्यानांत त्यांनीं हाच धोका एका कल्पित गृहस्थाच्या गोष्टींतून सांगितला होता. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ आपल्या मनानें थोडेंसें पेनिसिलिन घेतो. तेवढ्यानें जंतु मरत नाहींत. उलट त्या औषधाला तोंड देण्यास शिकतात. तेच जंतु पुढें त्याच्या पत्नीला ग्रासतात आणि मग औषधाचा उपयोग न होऊन ती दगावते. तिच्या मृत्यूचा दोष कोणाचा, असा फ्लेमिंग यांचा प्रश्न होता. डॉक्टरांनीं सांगितलेले दिवस औषध पूर्ण घ्यावें आणि तरीही उरलेंच तर तें दुसऱ्या कोणास देऊं नये, याचें कारण या गोष्टींत आहे. चिठ्ठी ही एका माणसाला, त्याच्या एका आजारासाठीं लिहिलेली असते. शेजाऱ्यांच्या पत्रावर आपण आपलें नांव घालीत नाहीं. मग त्यांच्या औषधावर तरी कां घालावें?

चौथी वस्तु पाहून मात्र मी दचकलों. माझ्या थोरल्या वहिनींना संधिवातासाठीं मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आहेत. त्या आठवड्यांतून एकदांच घ्यावयाच्या असतात. चुकून रोज घेतल्या तर तोंड येतें, हाडांतील मज्जेचें रक्त तयार करण्याचें काम मंदावतें आणि प्रसंगीं प्राणावर बेततें. त्याबरोबर फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देतात. दोन्ही गोळ्या लहान आणि पुष्कळदां दोन्ही पिवळसर! वहिनींनीं त्या वेष्टनांतून काढून एकाच कागदाच्या पुडींत ठेवल्या होत्या. नशिबानें नजर चांगली म्हणून आजवर निभावलें. गोळी मूळ वेष्टनांतून काढूं नये, आणि वेष्टनावर "फक्त सोमवारीं" असें ठळक अक्षरांनीं लिहावें, हें मीं त्याच दिवशीं केलें. तीस वर्षांपूर्वींच करावयास हवें होतें.

हें सर्व चाललें असतां माझा दोन वर्षांचा नातू टेबलाशीं आला, आणि त्यानें तांबड्या चकचकीत गोळ्यांची एक पट्टी उचलून मोठ्या आनंदानें म्हटलें, "गोळी!" श्रोतेहो, आपल्या भाषेंत लिमलेटचीही गोळी आणि औषधाचीही गोळीच. त्या गोळ्या सूनबाईंना गरोदरपणांत मिळालेल्या लोहाच्या होत्या, वरून साखरेचा लेप दिलेल्या. अशा एका गोळींत साठ मिलिग्रॅम लोह असतें. मुलाच्या वजनाच्या दर किलोमागें साठ मिलिग्रॅम लोह पोटांत गेलें तर त्याचा जीव धोक्यांत येतो. म्हणजे दहा किलो वजनाच्या मुलाला दहा गोळ्या, एवढीशी एक पट्टी, पुरे! त्याहून कमी गोळ्यांनींही अपाय होतो. त्यांतून हें विष फसवें आहे. आधीं उलट्या होतात, मग कांहीं तास मूल सांवरल्यासारखें दिसतें, आणि आईबाप निर्धास्त झाल्यावर तें खालावतें. म्हणून मुलानें कोणतेंही औषध खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याला ओकारी काढावयास लावूं नये, मीठपाणी पाजूं नये; रिकामी पट्टी किंवा बाटली बरोबर घेऊन तडक रुग्णालय गांठावें. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक आहे. आणि कडू औषध पाजतांना "हा खाऊ आहे" असें मुलाला कधींही सांगूं नये. तें आपलें खरें मानतें.

त्या दिवसापासून आमच्या घरीं व्यवस्था बदलली. औषधें मुलांच्या हाताला न पोंचणाऱ्या कपाटांत कुलपाखालीं असतात. प्रत्येकाची पेटी निराळी, आणि तिच्यांत त्याचीच चिठ्ठी. रात्रीं दिवा लावल्यावांचून कोणी गोळी घेत नाहीं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला निरुपयोगी औषधें बाजूला निघतात. औषधविक्रेता तीं परत घेत असेल तर त्याच्याकडे जातात. नाहींतर गोळ्या वेष्टनांतून काढून, चहाच्या चोथ्यांत किंवा ओल्या राखेंत कालवून, पिशवींत घट्ट बांधून कचऱ्यांत जातात, म्हणजे कोणी त्या उचलून वापरणार नाहीं. किल्ली वहिनींकडे आहे. सत्तरी उलटलेल्या त्या बाईनें कपाटाच्या दारावर आंतून एक यादी चिकटविली आहे. तिच्यांत कोणाचें कोणतें औषध, किती आणि केव्हां, हें सर्व लिहिलें आहे. परवां मीच डोकें दुखतें म्हणून गोळी मागितली, तेव्हां त्यांनीं ती देण्यापूर्वीं चष्मा लावून वेष्टनावरची तारीख वाचली आणि सकाळीं दुसरें कांहीं घेतलें आहे काय म्हणून मला विचारलें.

बटवा गेला याचें मला फार दुःख नाहीं. त्याची राखण करणारी धनीण मात्र प्रत्येक घराला पुन्हां मिळाली पाहिजे. आज रात्रीं जेवणें झाल्यावर आपापल्या घरचा डबा एकदां टेबलावर ओतून पाहा.