स्वयंचलित गाडीस सरळ चालावयास शिकविणें

पाभर धरणारा जाणता गडी कासरा उगाच ओढीत नाहीं. बैल किती कलला, केव्हांपासून कलला आणि किती झपाट्यानें कलत आहे, हें पाहून तो हात हलवितो. पिकाच्या दोन ओळींमधून आपोआप चालणाऱ्या लहान गाडीच्या आज्ञावलींत हेच तीन विचार तीन अंकांच्या रूपानें घातलेले असतात. सुकाणू धरणाऱ्या खलाशांची रीत पाहून निकोलस मिनोर्स्की यांनीं हा विचार १९२२ सालीं गणितांत मांडला.

पहिला अंक, गाडी रेषेपासून जितकी दूर तितकें चाक वळवितो. तो कमी पडल्यास गाडी पिकावर जाते. अधिक झाल्यास नागमोडी चालते. दुसरा अंक कलण्याचा वेग पाहून आगाऊ आवर घालतो. तो फार वाढविल्यास ढेकळाच्या प्रत्येक हिसक्यास गाडी थरथरते. तिसरा अंक, उतारावर एकाच बाजूस राहणारी बारीक चूक सांठवून ती दूर करितो. त्याचा अतिरेक झाल्यास गाडी वळणानंतर भरकटते.

हे अंक चाचणीवांचून ठरत नाहींत. मोकळ्या रानांत चुन्याची सरळ रेषा आखावी व गाडी तिच्यापासून वीतभर बाजूस ठेवून सोडावी. वीज तोडण्याची कळ हाताशीं असावी. प्रथम दुसरा व तिसरा अंक शून्य ठेवून पहिला थोडथोडा वाढवावा. न वाढणारे व न शमणारे सारखे हेलकावे सुरू झाले कीं तो अंक टिपून घ्यावा. झीग्लर व निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमाप्रमाणें त्याचे सहा-दशांश हा पहिला अंक धरावा. उरलेले दोन एका हेलकाव्यास लागणाऱ्या वेळावरून काढावे. हा नियम केवळ आरंभापुरता होय. पुढें पहिला अंक बहुधा आणखी कमी करावा लागतो.

मुख्य पथ्य हें कीं, एका वेळीं एकच अंक बदलावा. खत आणि बियाणें एकदम बदलल्यास गुण कोणाचा तें कळत नाहीं, तसेंच हें आहे. वेग व ओझें तेंच ठेवावें. बॅटरी उतरल्यास मोटारीचा जोर घटतो, म्हणून ती प्रत्येक वेळीं पूर्ण भरलेली असावी. प्रत्येक अंकावर तीन फेऱ्या करून रेषेपासून पडलेलें सर्वांत मोठें अंतर वहींत लिहावें.

कोरड्या जमिनीवर जुळलेले अंक ओल्या रानांत, जेथें चाक घसरतें तेथें, पुन्हां तपासावे. चुन्याची रेषा मोडली तर पुन्हां आखतां येते; उपटलेली रोपें पुन्हां उभीं राहत नाहींत.