लेखांकित नफा, भागांचा बाजारभाव आणि संचालकांचा मोबदला

कंपनीच्या वार्षिक हिशेबातील नफ्याचा आकडा दोन कामी येतो. भागधारक त्यावरून भागाची किंमत जोखतो, आणि संचालकांच्या मोबदल्याची मर्यादाही त्याच आकड्यावरून ठरते. नफा मोजणारे आणि त्याच्या प्रमाणात मोबदला घेणारे पुष्कळदा एकच असतात. म्हणून या तिन्ही गोष्टींचा परस्परसंबंध तपासून पाहणे अगत्याचे आहे.

छत्रपती संभाजीनगरात (पूर्वीचे औरंगाबाद) हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाही. वोक्हार्ट, एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज, व्हेरॉक इंजिनिअरिंग या कंपन्यांची नोंदणीकृत कार्यालये येथील चिकलठाणा व वाळूज औद्योगिक क्षेत्रांत आहेत. एन्ड्युरन्सचे १० रुपये दर्शनी मूल्याचे भाग ऑक्टोबर २०१६ मध्ये ४७२ रुपयांस, तर व्हेरॉकचे १ रुपया दर्शनी मूल्याचे भाग जून २०१८ मध्ये ९६७ रुपयांस जनतेस देऊ करण्यात आले. दर्शनी मूल्य व विक्रीची किंमत यांतील हे अंतर मुख्यतः भावी नफ्याच्या अपेक्षेचे होय. हिशेब मात्र होऊन गेलेल्या काळाचा असतो.

मग हिशेबाचा बाजारभावाशी संबंध काय? या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास रे बॉल व फिलिप ब्राउन यांनी १९६८ साली प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कच्या बाजारातील कंपन्यांचे आकडे तपासता त्यांना असे आढळले की, नफा अपेक्षेहून अधिक असेल तर भाव चढतात व उणा असेल तर उतरतात. तथापि वार्षिक आकड्यात सामावलेल्या माहितीपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के माहिती तो जाहीर होण्यापूर्वीच अन्य मार्गांनी भावात उतरलेली असते. येथे ‘अपेक्षेहून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बाजार नफ्याला नव्हे, तर नफ्यातील अनपेक्षित अंशाला प्रतिसाद देतो.

याचे स्थानिक उदाहरण वोक्हार्टचे आहे. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने कंपनीच्या वाळूज येथील कारखान्यातील मालाच्या आयातीवर निर्बंध घातले. भागांचे भाव लगोलग कोसळले. त्या तिमाहीचे हिशेब तेव्हा मिटलेही नव्हते. बाजाराने तोटा आधी मोजला, तो वहीत नंतर चढला.

आता मोबदल्याकडे वळू. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १९७ प्रमाणे सार्वजनिक कंपनीच्या सर्व संचालकांचा व व्यवस्थापकाचा मिळून मोबदला निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांहून, आणि एकट्या व्यवस्थापकीय संचालकाचा ५ टक्क्यांहून सामान्यतः अधिक असू नये. त्यापलीकडे जावयाचे तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. हा नफा कलम १९८ प्रमाणे मोजावयाचा असतो. भाग अधिमूल्याने विकून आलेली रक्कम किंवा स्थावर मालमत्तेच्या विक्रीवरील भांडवली नफा त्यात धरीत नाहीत. कारखान्याची जमीन विकून संचालकाने आपला वाटा वाढवू नये, हा त्यातील आशय.

तरीही वाव उरतोच. समजा, ४० कोटी रुपयांच्या यंत्राचे आयुष्य ८ वर्षे धरले, तर समान हप्त्यांनी घसारा वर्षाला ५ कोटी होतो. तेच १० वर्षे धरले, तर ४ कोटी. नफा एका कोटीने वाढतो आणि व्यवस्थापकीय संचालकाच्या मोबदल्याची मर्यादा ५ लाखांनी वर सरकते. यंत्र तेच, उत्पादन तेच, आणि धंद्यातून आलेली रोकडही तेवढीच. आयुष्याचा असा बदल तांत्रिक आधारावर समर्थनीय ठरवून जाहीर करावा लागतो, हे खरे. परंतु ती टीप वाचणारे थोडेच.

असा मोह नेहमी नफा फुगविण्याकडेच नेतो असे नाही. पॉल हीली यांनी १९८५ साली दाखविले की, बोनसची कमाल मर्यादा गाठल्यावर व्यवस्थापक नफा पुढील वर्षांकडे ढकलण्याकडे झुकतात.

प्रवर्तक कुटुंबे स्वतः कारभार पाहतात अशा कंपन्यांत आणखी एक विशेष आहे. प्रवर्तकांना कर्मचारी भागविकल्प योजनेचा लाभ घेता येत नाही. त्यामुळे त्यांच्या पगाराची सांगड बाजारभावाशी नव्हे, तर नफ्यावरील कमिशनशी बसते. भावाशी त्यांचा संबंध येतो तो स्वतःच्या भागांमुळे. ही मालकी मोठी असेल, तर लेखांकनातील क्षणिक चलाखी त्यांनाही परवडत नाही. ती अल्प असेल, तर कमिशनचे आकर्षण वरचढ ठरू शकते.

कायद्याने दोन उपाय ठेवले आहेत. अपहारामुळे हिशेब दुरुस्त करावे लागले, तर कलम १९९ अन्वये जादा घेतलेला मोबदला परत वसूल करता येतो. तसेच सूचीबद्ध कंपनीने प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचे मध्यम कर्मचाऱ्याच्या मोबदल्याशी असलेले प्रमाण जाहीर करावयाचे असते. वाळूजच्या कामगारालाही हा आकडा वाचता येतो.

सारांश, नफ्याचा आकडा एकटा वाचू नये. त्याच्याशेजारी रोकडप्रवाहपत्रक, घसाऱ्यावरील टीप आणि मोबदल्याचे प्रमाण ठेवावे. नफा वाढत असून रोकड वाढत नसेल आणि मोबदला मात्र वाढत असेल, तर भागधारकाने वार्षिक सभेत प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे समजावे.